फर्मोराइट : एका खनिजनामाचा उदय आणि लोप

१

विशेषनाम आणि सामान्यनाम ह्यांमधील सीमारेषा व्याकरणात जितकी स्पष्ट आखलेली असते तितकी ती भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारात नसते. व्यक्तीचे नाव वस्तूला मिळते, वस्तू बाजारात, प्रयोगशाळेत किंवा न्यायालयात वावरू लागते, आणि काही काळाने ते नाव उच्चारणाऱ्याच्या मनात मूळ व्यक्ती उरत नाही. व्होल्ट, अँपिअर, डिझेल ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. सामान्य भाषेत हे स्थित्यंतर नकळत घडते; विज्ञानाच्या परिभाषेत ते ठरवून घडविले जाते. ह्या दृष्टीने खनिजशास्त्राची परिभाषा भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक ठरावी. आज मान्यता असलेल्या खनिज-जातींची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे, आणि त्यांच्या नावांचा फार मोठा भाग व्यक्तिनामांना ‘-आइट’ हा प्रत्यय जोडून सिद्ध झालेला आहे.

हा प्रत्यय मूळचा ग्रीक. ‘अमुक गुणाचा’ किंवा ‘अमुकाशी संबंध असलेला’ दगड असा अर्थ दाखविणारी विशेषणे त्याने तयार होत. रक्तासारख्या रंगाचा तो ‘हेमाटाइटीस’, म्हणजे आजचा हेमाटाइट. प्राचीन नावे अशा रीतीने वस्तूच्या रंगाविषयी, उपयोगाविषयी किंवा उगमस्थानाविषयी काहीतरी सांगत असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र फ्रायबर्ग येथील आब्राहाम व्हेर्नर ह्याने केप ऑफ गुड होप येथून आलेल्या एका हिरवट खनिजास, ते युरोपात आणणाऱ्या कर्नल फॉन प्रेन ह्याच्या नावावरून, ‘प्रेनाइट’ हे नाव दिले. व्यक्तीवरून खनिजाचे नामकरण करण्याचा आधुनिक प्रघात येथून सुरू झाला असे सामान्यतः मानतात. ह्या घटकेपासून नाव वस्तूविषयी काही सांगेनासे झाले. ते माणसाविषयी सांगू लागले.

ते नेमके काय सांगते, आणि किती काळ सांगते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी ‘फर्मोराइट’ हे एकच नाव येथे मुख्यत्वे घेतले आहे. ज्या व्यक्तीवरून ते पडले, ती व्यक्ती स्वतः मोठी नामकर्ती होती. ज्या भूमीतून ते खनिज आले ती विदर्भास लागून आहे. आणि १९१० च्या सुमारास जन्मलेले हे नाव २०१० मध्ये अधिकृतपणे रद्द झाल्याने त्याचे संपूर्ण आयुष्य आपणास एका दृष्टिक्षेपात पाहता येते.

२

नागपूरच्या परिसरातील खनिजांना व्यक्तिनामे देण्याचा प्रकार फर्मोर ह्यांच्या पूर्वीच सुरू झाला होता. डब्लिनचे सॅम्युएल हॉटन ह्यांनी १८५९ मध्ये मध्य हिंदुस्थानातील काही खडकांचे व खनिजांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दोन नव्या जाती त्यांनी मांडल्या : ‘हिस्लॉपाइट’ आणि ‘हंटराइट’. नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर ह्या दोघांनी त्या भागातील खडक व जीवाश्म मोठ्या चिकाटीने गोळा केले होते. त्याची ही पावती होती. पुढे असे दिसून आले की हिस्लॉपाइट म्हणजे हिरव्या मातकट द्रव्याने रंगलेले साधे कॅल्साइट होय. नाव गेले. हिस्लॉप ह्यांचे स्मरण नागपुरात आज टिकून आहे ते १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे. भाषाभ्यासकांस त्यांचे स्मरण राहते ते आणखी एका कारणाने : त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल ह्यांनी संपादून प्रसिद्ध केलेले मध्यप्रांतातील आदिवासींविषयीचे त्यांचे टिपण. गोंडी भाषेच्या अभ्यासाच्या आरंभीच्या साधनांत त्याची गणना होते.

मँगनीजच्या खाणी हा त्यानंतरचा अध्याय. एकोणिसावे शतक संपता संपता नागपूर जिल्ह्यात मँगनीजचे धातुक काढण्यास सुरुवात झाली आणि नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा ह्या जिल्ह्यांतून ते पोलाद-निर्मितीसाठी परदेशी जाऊ लागले. ह्या क्षेत्रांचे शास्त्रीय परीक्षण करण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात १९०२ मध्ये रुजू झालेल्या ल्यूइस ली फर्मोर ह्या तरुण अधिकाऱ्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम बावीस वर्षांचे होते. ह्या परिश्रमांचे फलित म्हणजे खात्याच्या संस्मरणांचा सदतिसावा खंड, ‘भारतातील मँगनीज-धातुकांचे साठे’. १९०९ मध्ये पूर्ण झालेला हा हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ ह्या विषयातील आधारग्रंथ समजला जातो. फर्मोर पुढे खात्याचे संचालक झाले, १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया ह्या संस्थेचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

३

मँगनीजच्या खाणींत फर्मोर ह्यांना जी द्रव्ये नवी वाटली त्यांना त्यांनी नावे दिली. ह्या नावांची वर्गवारी केली असता तीन गट पडतात.

पहिला गट स्थळनामांचा. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार ह्या गावावरून ‘सीतापाराइट’ आणि नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीवरून ‘बेलडोंग्राइट’.

दुसरा गट व्यक्तिनामांचा. झाबुआ संस्थानातील काजलीडोंगरीच्या खाणीतून मिळालेल्या बेरियमयुक्त काळ्या मँगनीज-ऑक्साइडास त्यांनी १९०६ मध्ये ‘हॉलंडाइट’ म्हटले. सर टॉमस हेन्री हॉलंड हे तेव्हा खात्याचे संचालक होते. त्याच खाणीतील निळसर-जांभळ्या ॲम्फिबोलास ‘विंचाइट’ हे नाव मिळाले. ते खनिज ज्यांच्या दृष्टीस प्रथम पडले त्या हॉवर्ड विंच ह्यांचा हा सन्मान. काचुरवाही येथील, प्रकाशाच्या दिशेनुसार गुलाबी व निळी छटा दाखविणाऱ्या पायरॉक्सीनास ‘ब्लॅनफर्डाइट’ म्हटले गेले. विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड हे खात्यातील जुन्या पिढीचे थोर भूवैज्ञानिक आणि प्राणिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये निवर्तले होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक जॉन वेस्ली जड ह्यांच्या सन्मानार्थ ‘जडाइट’, आणि खात्यातील सहकारी अर्नेस्ट व्रेडनबर्ग ह्यांच्या सन्मानार्थ बेलडोंगरीच्या तीव्र चुंबकीय धातुकास ‘व्रेडनबर्गाइट’.

तिसऱ्या गटात एकच महत्त्वाचे नाव आहे, आणि ते खनिजाचे नसून खडकाचे आहे. स्पेसार्टीन जातीचा गार्नेट आणि क्वार्ट्झ ह्यांनी बनलेल्या, मँगनीज-साठ्यांच्या सान्निध्यात आढळणाऱ्या खडकास फर्मोर ह्यांनी ‘गोंडाइट’ म्हटले. हे नाव गोंड जमातीवरून घेतले आहे.

ह्या वर्गवारीतून जे दिसते ते मुद्दाम सांगावयास हवे. पाच व्यक्तिनामांत एक वरिष्ठ, एक दिवंगत पूर्वसूरी, एक प्राध्यापक, एक सहकारी आणि एक खाणीवरील गृहस्थ आहेत. पाचही युरोपीय. ज्या मुलखातून नमुने आले त्या मुलखाचा वाटा दोन स्वरूपांत येतो : गावाचे नाव म्हणून, किंवा संपूर्ण जमातीचे नाव म्हणून. एकट्या माणसाचे नाव म्हणून तो येत नाही. ह्यात फर्मोर ह्यांचा व्यक्तिगत दोष शोधणे अनैतिहासिक होईल. टी. एल. वॉकर ह्यांनी १९०२ मध्ये पूर्व घाटातील एका खडकास खोंड जमातीवरून ‘खोंडालाइट’ हे नाव दिले होते. खुद्द हॉलंड ह्यांनी मद्रासनजीकच्या एका खडकास ‘चार्नोकाइट’ म्हटले, कारण कलकत्त्यास जॉब चार्नोक ह्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या कबरीवरील शिळा त्या खडकाची होती. नामकरणाची ही पद्धत त्या काळच्या ज्ञानव्यवहाराची रचनाच दाखविते. खडक मुलखाचा, निरीक्षण खात्याचे, आणि सन्मानाची देवाणघेवाण निरीक्षकांच्या वर्तुळातील.

येथे भाषेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ‘काजलीडोंगरी’ हे नाव मराठी वाचकास कोशाशिवाय कळते : काजळाची, काजळासारखी काळी डोंगरी. मँगनीजचे काळे धातुक जिच्या पोटात आहे त्या टेकडीचे हे नाव आपल्या वस्तूचे वर्णन करते. प्राचीन ‘हेमाटाइटीस’ जसे करीत असे तसेच. त्या टेकडीतून निघालेल्या खनिजाचे शास्त्रीय नाव मात्र लंडन-कलकत्त्याकडे पाहते. वर्णन करणारे नाव गावाकडे राहिले, गौरव करणारे नाव ग्रंथात गेले. दोन्ही नावे एकाच दगडापाशी, परंतु दोन वेगळ्या भाषिक व्यवहारांत वावरत राहिली.

४

आता मुख्य नावाकडे वळू. सीतापारच्या मँगनीज-धातुकातील एक पांढरट-गुलाबी, स्फटिकमय द्रव्य लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तपासले गेले. तपासणारे दोघे होते : जी. एफ. हर्बर्ट स्मिथ आणि जी. टी. प्रायर. रासायनिक पृथक्करणात ते कॅल्शियम व स्ट्राँशियम ह्यांचे आर्सेनेट-फॉस्फेट निघाले, आणि त्याचे नाते अपॅटाइट-कुलाशी जुळले. आर्सेनिक आणि स्ट्राँशियम ह्यांचा असा संयोग त्या कुलात नवा वाटल्याने त्यांनी ते स्वतंत्र जाती म्हणून ‘मिनरॉलॉजिकल मॅगझीन’मध्ये मांडले आणि ‘फर्मोराइट’ हे नाव दिले. पाच जणांना नावाचा मान देणाऱ्या फर्मोर ह्यांना हा मान वयाच्या तिशीत मिळाला.

सन्मान कोणत्या कृत्याबद्दल होता हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. फर्मोर ह्यांनी हे खनिज ‘शोधले’ ह्या एका घटनेपुरता तो नव्हता. भारतातील मँगनीज-क्षेत्रांचे जे अफाट वर्णन त्यांनी केले, त्या समग्र कार्याची ती खूण होती. परंतु नाव जोडले गेले ते कार्याला नव्हे. ते जोडले गेले एका विशिष्ट रासायनिक संघटनाला आणि स्फटिक-रचनेला. म्हणजे सन्मान एका गोष्टीचा आणि नाव दुसऱ्याच गोष्टीचे. ह्या दोहोंमधील अंतर आरंभी कोणाच्या ध्यानात येत नाही. नावाचे भवितव्य मात्र त्याच अंतरावर अवलंबून असते.

खनिज-जातीचे नाव हे वस्तुतः एक विधान आहे. ‘फर्मोराइट’ म्हणणे म्हणजे ‘ज्ञात सर्व जातींहून भिन्न अशी एक जाती येथे आहे’ असे प्रतिपादणे. पुतळा उभारला म्हणजे त्याखाली कोणते विधान खरे ठरावे लागत नाही. खनिज-नामाला मात्र प्रत्येक नव्या परीक्षणापुढे उभे राहावे लागते. विधान टिकले तर नाव टिकते. ते खोटे अथवा अनावश्यक ठरले, तर ज्याच्या नावे ते केले त्याच्या थोरवीचा काहीही उपयोग होत नाही.

५

फर्मोर ह्यांनी दिलेल्या नावांची पुढे झालेली वासलात पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते.

व्रेडनबर्गाइट हे एकसंध खनिजच नव्हे असे आढळले. घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागाचे परावर्तित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्या एका नावाखाली जेकबसाइट व हाउसमॅनाइट अशी दोन खनिजे परस्परांत गुंतून वाढलेली दिसली. ज्याला एक म्हटले ते दोन निघाले. सीतापाराइटाच्या बाबतीत उलट घडले : ज्याला वेगळे म्हटले ते आधीच ज्ञात निघाले. अमेरिकेतील यूटा प्रांतातून १८९७ मध्ये वर्णिलेले बिक्सबाइट आणि सीतापाराइट ही एकच जाती ठरली, आणि अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव राहिले. सीतापार हे गावाचे नाव गेले आणि मेनार्ड बिक्सबी ह्या खनिज-संग्राहकाचे नाव टिकले. जडाइटाचा लोप १९७८ च्या ॲम्फिबोल-नामसंहितेत झाला, ब्लॅनफर्डाइटाचा १९८८ च्या पायरॉक्सीन-नामसंहितेत. दोहोंचे कारण एकच : मुख्य जातीत थोडे मँगनीज शिरल्याने जो भेद पडतो त्यास विशेषण पुरेसे आहे, त्यासाठी स्वतंत्र नाम नको. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्याला नामाचा दर्जा मिळाला होता त्याची विशेषणात पदावनती झाली.

फर्मोराइट ह्या सर्वांहून अधिक काळ टिकले. १९९१ मध्ये मूळ नमुन्याची स्फटिक-रचना नव्याने निश्चित करण्यात आली. अपॅटाइट-कुलाची सामान्य सममिती षट्कोनी असते. फर्मोराइटाची एकनताक्ष आढळली. रासायनिक दृष्ट्या मात्र त्यात कॅल्शियम, आर्सेनेट आणि हायड्रॉक्सिल हेच घटक प्रधान. फर्मोराइटाच्या नवलाईचे एक कारण असलेले स्ट्राँशियम आधुनिक नियमांनुसार दुय्यम ठरले, कारण ज्याचे प्रमाण अधिक त्यावरून जाती ठरते. ह्याच प्रधान घटकांचे षट्कोनी खनिज अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातील फ्रँकलिन येथून १९८० मध्ये ‘जॉनबॉमाइट’ ह्या नावाने वर्णिले गेले होते. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेच्या वतीने अपॅटाइट-महाकुलाची नामव्यवस्था मांडली गेली, तेव्हा असे ठरले की षट्कोनी रूपाचे नाव मूळ धरावे आणि एकनताक्ष रूप केवळ एका प्रत्ययाने दाखवावे. त्यानुसार फर्मोराइटाचे ‘जॉनबॉमाइट-एम’ झाले.

ह्यात अग्रक्रमाचा नियम बाजूस राहिला हे विचक्षण वाचकाच्या ध्यानात येईल. सीतापाराइट हरले ते बिक्सबाइट जुने होते म्हणून. फर्मोराइट मात्र सत्तर वर्षांनी जुने असूनही हरले. दोन नियमांत विरोध आला तेव्हा इतिहासापेक्षा व्यवस्था श्रेष्ठ मानली गेली. शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय आहे. नावांवरूनच रचनांमधील नाते कळावे हा परिभाषेचा पहिला गुण होय. परंतु परिभाषा ही स्मारकांची सूची नाही हेही त्या निर्णयाने तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

६

जी नावे टिकली त्यांची कथा ह्याहून कमी विचारप्रवर्तक नाही.

हॉलंडाइटाची स्फटिक-रचना १९५० मध्ये उलगडली. मँगनीज-ऑक्सिजनांच्या अष्टफलकांच्या साखळ्यांमधून चौकोनी बोगदे जातात आणि त्यांत बेरियमचे मोठे आयन बसतात, असे तिचे स्वरूप आहे. ही बोगद्यांची रचना इतर अनेक संयुगांत आढळू लागली, आणि ‘हॉलंडाइट’ हे नाव एका खनिजापुरते न राहता एका रचनाप्रकाराचे झाले. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात ए. ई. रिंगवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय मोठ्या दाबाखाली पोटॅशियम फेल्डस्पाराचे हॉलंडाइट-रचनेत रूपांतर करून दाखविले. त्यात मँगनीजही नव्हते आणि बेरियमही नव्हते. १९७० नंतरच्या दशकात त्याच रिंगवुड ह्यांनी अणुभट्ट्यांतील किरणोत्सारी अवशेष कोंडून ठेवण्यासाठी ‘सिनरॉक’ नावाचा कृत्रिम खडक सुचविला. त्यात सीझियमास धरून ठेवण्याचे काम हॉलंडाइट-रचनेच्या घटकाकडे दिलेले आहे. २०१३ मध्ये हॉलंडाइट-महाकुलाची रीतसर नामव्यवस्थाही सिद्ध झाली. नाव असे वाढत गेले. मात्र जसजसा त्याचा अर्थविस्तार झाला तसतसे हॉलंड हे गृहस्थ त्यातून दूर गेले. आज ते नाव वापरणाऱ्यास बोगद्यांची रचना आठवते. १९१६ ते १९१८ ह्या काळातील भारतीय औद्योगिक आयोगाचे अध्यक्ष सर टॉमस आठवत नाहीत. मराठी वाचकास तर ‘हॉलंडाइट’ ऐकून युरोपातील त्या देशाची आठवण होण्याचाच संभव अधिक. नाव जितके यशस्वी, तितके त्यातील विशेषनामत्व क्षीण, असा नियमच येथे सांगता येईल.

विंचाइटाची कथा गंभीर आहे. ॲम्फिबोल-कुलातील एका विशिष्ट संघटनाचे नाव म्हणून १९७८ च्या नामसंहितेने ते कायम ठेवले. अमेरिकेतील माँटॅना प्रांतात लिबी ह्या गावाजवळ व्हर्मिक्युलाइटची एक मोठी खाण होती. ती १९९० मध्ये बंद झाली. तिच्या धातुकात तंतुमय ॲम्फिबोल मिसळलेले होते. त्याची धूळ श्वासावाटे गेल्याने खाणकामगार, त्यांचे कुटुंबीय आणि ग्रामस्थ फुफ्फुसांच्या असाध्य रोगांना बळी पडले. हे तंतू पूर्वी ट्रेमोलाइट अथवा सोडा-ट्रेमोलाइट म्हणून ओळखले जात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात नव्या संहितेनुसार त्यांचे वर्गीकरण करण्यात आले, तेव्हा सुमारे ८४ टक्के तंतू विंचाइट निघाले, ट्रेमोलाइट अवघे ६ टक्के. आता तेथील नियमांत ॲस्बेस्टॉस म्हणून सहा खनिजांची नावे दिलेली होती. त्यांत ट्रेमोलाइट होते; विंचाइट नव्हते. खाणीच्या चालकांविरुद्ध २००५ मध्ये फौजदारी खटला सुरू झाला तेव्हा ‘ॲस्बेस्टॉस’ ह्या शब्दात नेमके काय येते हाच वादाचा एक विषय झाला. २००७ मध्ये अपील न्यायालयाने ही व्याख्या त्या सहा नावांपुरती मर्यादित करण्यास नकार दिला. २००९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच वर्षी शासनाने लिबी येथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली.

काजलीडोंगरीच्या खाणीशी ह्या दुर्घटनेचा काहीही संबंध नाही. संबंध आहे तो केवळ नावाचा. फुफ्फुसात शिरणाऱ्या तंतूस आपले नाव कोणते हे ठाऊक नसते. परंतु माणसांनी केलेला कायदा नावांच्या आधारे चालतो, आणि नावाची सीमा चार पावले सरकली की कायद्याने संरक्षिलेला माणूस तिच्या बाहेर राहू शकतो. खनिजांची नावे ही विद्वानांच्या आपसांतील सौजन्याची बाब आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हे उदाहरण विसरू नये. नाव म्हणजे सीमानिश्चिती होय. ती करणारा समितीत बसलेला असतो. तिचे परिणाम भोगणारे बहुधा त्या समितीचे नावही ऐकलेले नसतात.

७

मग सन्मानदर्शक नाव देण्यात अर्थ तो काय, असा प्रश्न उरतो. १९५९ पासून नव्या खनिज-नामांस आंतरराष्ट्रीय आयोगाची संमती घ्यावी लागते. कोणासही स्वतःच्या नावावरून खनिजाचे नाव ठेवता येत नाही, आणि हयात व्यक्तीचे नाव द्यावयाचे तर तिची अनुमती लागते. ह्या बंधनांनी खुशामतीस आळा बसला, तरी नाव आणि व्यक्ती ह्यांतील नाते आगंतुकच राहिले. क्वचित ते आगंतुक नसते. २००८ मध्ये वर्णिलेल्या ‘रामानाइट’ ह्या नावाची दोन खनिजे, एक सीझियमचे व एक रुबिडियमचे, रामन-वर्णपटाच्या साह्यानेच ओळखली गेली; सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांचे १९२८ मधील संशोधन नसते तर ती ओळखताच आली नसती. तेथे नाव हे कृतज्ञता आणि कारण दोन्ही एकदम सांगते. इतरत्र बहुधा ते केवळ कृतज्ञता सांगते, आणि ती सांगणारा व ऐकणारा दोघेही गेल्यावर केवळ ध्वनी उरतो. ‘विंचाइट’ ह्या शब्दात मराठी कानाला विंचूच ऐकू यावा, ही ह्या प्रक्रियेची स्वाभाविक अखेर आहे.

फर्मोराइटाच्या दोन नामकर्त्यांची कथा येथे जोडण्यासारखी आहे. प्रायर ह्यांच्या सन्मानार्थ १९०६ मध्ये दिलेले ‘प्रायोराइट’ हे नाव पुढील नामव्यवस्थेत ‘एशिनाइट’ ह्या नावात विलीन झाले. पण उल्काश्मांच्या रसायनाविषयी त्यांनी मांडलेले नियम प्रायरचे नियम म्हणून ओळखले जातात. हर्बर्ट स्मिथ ह्यांच्या नावाने १९०५ पासून ‘स्मिथाइट’ आहेच. २००४ मध्ये चिली देशातील एका ताम्र-खनिजास त्यांचे नाव द्यावयाचे ठरले तेव्हा आडनाव आधीच वापरलेले असल्याने ‘हर्बर्टस्मिथाइट’ असे लांबलचक नाव करावे लागले. तांब्याच्या अणूंच्या विशिष्ट जाळीदार मांडणीमुळे त्या खनिजाकडे पदार्थविज्ञानातील संशोधकांचे लक्ष वेधले आणि ते नाव त्यांच्या निबंधांतून वारंवार येऊ लागले. नाव देणाऱ्याचे नाव दोनदा टिकले. त्याने ज्याला नाव दिले त्याचे गेले. ह्यात गुणावगुणांचा काही न्याय नाही.

फर्मोर ह्यांचे जे खरोखर टिकले ते दुसरीकडे आहे. त्यांच्या १९०९ च्या ग्रंथात प्रत्येक खाणीचे स्थान, धातुकाचे स्वरूप, थरांची मांडणी आणि पृथक्करणे दिलेली आहेत. व्रेडनबर्गाइट हे एक खनिज आहे हा त्यांचा निष्कर्ष चुकला. परंतु बेलडोंगरीचे ते धातुक तीव्र चुंबकीय आहे हे त्यांचे निरीक्षण आजही खरे आहे, आणि निष्कर्ष दुरुस्त करणाऱ्यांना वर्णन केलेली ती वस्तू पुन्हा ओळखता आली हे विसरून चालणार नाही. नाव हा निर्णय होता, तो फिरविता आला. वर्णन ही साक्ष होती, ती फिरविता येत नाही.

ह्यावरून आपल्या कोशकारांसाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. परिभाषा-कोशातून रद्द झालेली नावे वगळण्याकडे कल असतो. खनिजशास्त्राच्या विद्यार्थ्यास ते सोयीचे वाटेल. इतिहासाच्या आणि भूगोलाच्या अभ्यासकास ते घातक आहे. विदर्भाच्या व लगतच्या प्रदेशाच्या खाणींविषयीचे जुने अहवाल व्रेडनबर्गाइट, सीतापाराइट, ब्लॅनफर्डाइट, फर्मोराइट ह्या नावांनी भरलेले आहेत. ही नावे कोशातून गेली की ते अहवालच मुके होतील. म्हणून प्रत्येक लुप्त नाव कोशात ठेवावे. त्यापुढे आजचे मान्य नाव, नाव दिल्याचे व रद्द झाल्याचे वर्ष, आणि मूळ व्यक्ती अथवा गाव ह्यांची एका ओळीची नोंद द्यावी. सीतापार, बेलडोंगरी, काचुरवाही आणि काजलीडोंगरी ह्या स्थळनामांची त्यांच्या देशी रूपांतच नोंद व्हावी. इंग्रजी वर्णांतरातून परत आलेली विकृत रूपे स्वीकारू नयेत. शास्त्रास मृत नावांची गरज नसेल. भाषेच्या इतिहासास ती असते, कारण एका काळच्या माणसांनी कशास वेगळे मानले आणि कोणास ऋणी मानले, हे त्या नावांखेरीज अन्य साधनांतून इतक्या थोडक्यात कळत नाही.